मुधोळकर सरांनी जाळलेला कचरा

पळसदऱ्यात थंडी पडली की लोक स्वेटर काढत आणि व्यंकटेश मुधोळकर सर नाक धरत. थंडीत हवा जड होते, धूर वर जायचं नाव घेत नाही, जमिनीलगत सरपटत राहतो आणि मिळेल त्या खिडकीतून घरात शिरतो. ही भौतिकशास्त्रातली साधी गोष्ट. ती सरांच्या खिडकीला सगळ्यात आधी कळायची, कारण त्यांच्या घराला लागूनच रिकामा प्लॉट होता.

पळसदरा म्हणजे तेलुगू मुलखात, नेरडीगोंड्याच्या अलीकडे, हायवेला बिलगून वाढलेलं गाव. नुकतीच तिथं नगरपालिका झाली होती. म्हणजे बोर्ड बदलला, घरपट्टी वाढली आणि गटारं होती तिथंच राहिली. रिकाम्या प्लॉटचा मालक हैदराबादला राहतो असं सगळे म्हणत. त्याला कोणी पाहिलेलं नव्हतं. पण त्याच्या जागेवर गल्लीतल्या प्रत्येक घराचा वडिलोपार्जित असावा तसा हक्क होता. ज्याला जे नको असेल ते तिथं पडे, आणि रोज सकाळी, दूधवाला येऊन गेला की, शेजारच्या बयनाबाई अंगण झाडून आपला केरही त्यावर लोटत आणि काडी लावत.

सर कॉलेजात केमिस्ट्री शिकवत. त्यामुळे इतरांना जो नुसता धूर वाटे, तो सरांना घटकांसकट कळे. पांघरुणातूनच ते जाहीर करत, "आज दुधाच्या पिशव्या." दुसऱ्या दिवशी, "थर्माकोल. कुणाकडे तरी बारसं झालंय." तिसऱ्या दिवशी ते उठूनच बसले.

"चप्पल आहे. रबरी. डावी."

"डावी कशावरून?" कुमुदिनीबाईंनी विचारलं.

"उजवी काल जळली."

कुमुदिनीबाई वीज खात्यात होत्या. लोकांच्या तक्रारी दिवसभर शांतपणे ऐकायची त्यांना सवय होती, आणि नवऱ्याच्या तक्रारी त्या त्याच शांतपणे ऐकत, म्हणून सरांचा राग दुप्पट होई. पण त्या सकाळी आतल्या खोलीतून ओवीचा खोकला सुरू झाला आणि दोघांनीही बोलणं थांबवलं. ओवी चौथीत होती. तिला दमा होता. निर्मल शहरातल्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, "पंप मी देतो, औषध मी देतो. धूर बंद करायचं औषध माझ्याकडे नाही, ते तुम्ही बघा."

तर सरांनी ते बघायचं ठरवलं. एवढंच. शेजारी जायचं, दोन शब्द बोलायचे, चहा प्यायचा, परत यायचं. पुढं जे झालं त्यात सरांचा हेतू कुठंही वाईट नव्हता, हे आधीच नोंदवून ठेवलेलं बरं.

शेजारी उद्धवराव आणि बयनाबाई. उद्धवरावांची मराठी मुलखाच्या सरहद्दीजवळच्या गावात कापसाची शेती. नातवंडांच्या शाळेसाठी त्यांनी पळसदऱ्यात घर बांधलं आणि बयनाबाईंनी त्या घरात अख्खं गाव आणलं. जात्यापासून शेकोटीपर्यंत. सर गेले तेव्हा उद्धवराव त्या शेकोटीलाच हात शेकत बसले होते. शेकोटीत युरियाचं पोतं जळत होतं.

"या सर, बसा. थंडी लई हाय. हात शेका," उद्धवराव म्हणाले.

"उद्धवराव, मी याच्यासाठीच आलोय. हा कचरा जाळू नका. ओवीला त्रास होतो."

"पोट्टीले तरास होते?" बयनाबाई कळवळल्या. "मंग सांगाचं ना, सर! धुरात ववा टाकत जाईन. ववा छातीले लई चांगला."

सरांनी डोळे मिटले. वर्गात शेवटच्या बाकावरच्या मुलांना समजावताना ते असेच डोळे मिटत. मग त्यांनी समजावलं. प्लास्टिक जळलं की डायॉक्सिन नावाचं विष तयार होतं. ते फुप्फुसात जातं, रक्तात जातं. राख जमिनीत मुरते, तिथून विहिरीत उतरते, परसातल्या मेथीत चढते. धुरातले कण इतके बारीक असतात की नाकातले केस त्यांना अडवू शकत नाहीत. लहान मुलं आणि म्हातारी माणसं यांना सगळ्यात जास्त धोका. म्हणून उघड्यावर कचरा जाळायला कायद्यानंच बंदी आहे.

उद्धवरावांनी सगळं लक्ष देऊन ऐकलं. म्हणाले, "मंग मेथी धुऊन खात जाऊ."

"मेथीचा प्रश्न नाही हो!"

"आमच्या वावरात दरसाली पऱ्हाट्या जाळतो. आमचा बाप नव्वदीत गेला. तेबी झाडावरून पडून."

"पऱ्हाटी म्हणजे कापसाची काडी. हे प्लास्टिक आहे!"

"अन् धुरानं मच्छर जातेत," बयनाबाईंनी मुद्दा पुरा केला. "तुमच्याकडं मच्छर हायेत का सांगा?"

नव्हते. सरांना खोटं बोलता येईना. "पण कचरा चेत्ता बंडीत द्या ना," ते म्हणाले. कचरागाडीला पळसदऱ्यात सगळे चेत्ता बंडीच म्हणत, तेलुगू बोलणारेही आणि न बोलणारेही. बंडी सुका आणि ओला कचरा वेगळा मागत, गाणं लावत गावभर फिरे.

"बंडी गल्लीत येते कुठं? नळासाठी खोदून ठेवलं तवापासून कोपऱ्यावरूनच गाणं वाजवून पळते. म्या बादली घेऊन निघते तवर ते दुसऱ्या गाण्यावर जाते."

हे मात्र खरं होतं. सर चहा पिऊन परत आले. कुमुदिनीबाईंनी काय झालं विचारलं नाही. सरांच्या शर्टाला पोत्याचा वास येत होता.

यापुढची चाल महिपतरावांनी सुचवली. महिपतराव समोर राहत. आयुष्य तहसीलीत गेलेलं, आता निवृत्त. गल्लीत कुणाचं काही अडलं की ते न बोलावता येत आणि अडलेलं नीट अडकवून जात. "सर, तोंडी बोलून काय होते? दरखास्त द्या. मुआयना होईल, पंचनामा होईल. दफ्तर हललं पाहिजे."

दफ्तर हलवायला दोघे नगरपालिकेत गेले. पहिल्या टेबलावरचा माणूस म्हणाला, "धूर ना? धूर आमच्याकडे येत नाही."

"धूर माझ्याकडे येतो, म्हणून मी तुमच्याकडे आलो."

"तसं नाही सर. कचरा आमचा. धूर हवेत गेला की हवेचं खातं वेगळं, त्याचं ऑफिस इथं नाही. आग म्हणाल तर फायरवाल्यांची. आणि प्लॉट प्रायव्हेट, म्हणजे टाउन प्लॅनिंग."

"म्हणजे कचरा पेटला की तो कचरा राहत नाही?"

माणसाने यावर प्रामाणिकपणे विचार केला. "राख झाली की परत आमचाच."

सरांच्या कपाळाची शीर उडायला लागली. महिपतराव मात्र प्रसन्न होते. असं दफ्तर त्यांनी बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. शेवटी एका टेबलावर मोबाईलवरून तक्रार करायचा सल्ला मिळाला. सरांनी तिथंच उभं राहून केली. दोन दिवसांनी उत्तर आलं, 'आपली तक्रार सोडवली आहे', आणि खाली पुरावा म्हणून स्वच्छ जागेचा फोटो. जागा खरोखरच सुंदर होती. मागे नारळाचं झाड होतं. पळसदऱ्यात नारळाचं झाड नाही.

सर तो फोटो घेऊन थेट सॅनिटरी इन्स्पेक्टरकडे गेले. इन्स्पेक्टर तरुण, नवा, वरंगलकडचा. मराठी कळत नव्हतं, म्हणून गोपाल नावाचा सफाईचा जवान दुभाषी म्हणून उभा राहिला. इन्स्पेक्टरने सगळं ऐकलं आणि नियमाचं पुस्तक काढलं. गोपालने सांगितलं, "साहेब म्हणतेत, कायदा हाय, दंड हाय, सगळं हाय. पण जाळताना धराव लागते. राखेवर कोणाचं नाव लिहिलेलं नसते. फोटो आना."

झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी सर कानटोपी घालून गच्चीवर दबा धरून बसले. बयनाबाईंनी काडी लावली आणि सरांनी मोबाईल उचलला. तेवढ्यात बयनाबाईंचं वर लक्ष गेलं.

"अगं बाई, फोटो काढून राह्यले का? थांबा सर, पदर घेऊ द्या. अहो, या इकडं! पोट्ट्यांनो, या रे, सर फोटो काढून राह्यले!"

सगळे आले. उद्धवरावांनी पागोटं बांधलं. नातवंडं शेकोटीभोवती उंचीप्रमाणे उभी राहिली. मागून धूर उदबत्तीसारखा वर चढत होता आणि त्यातून कोवळं ऊन येत होतं. सरांनी आयुष्यात काढलेला तो सर्वात चांगला फोटो. बयनाबाईंनी तो मागवून घेतला, निर्मलहून मोठा करून आणला आणि ओसरीत लावला. वर सरांना वाटीभर तिळाची चटणी पाठवली.

"आता हा पुरावा म्हणून देऊ?" सर ओरडले. "ज्या बाईनं ओवीच्या तापात रात्रभर उशाशी बसून पट्ट्या ठेवल्या तिला दंड लावू?"

"चटणी छान आहे," कुमुदिनीबाई म्हणाल्या.

मग सरांनी स्वखर्चाने बोर्ड लावला. महिपतराव म्हणाले, नुसत्या मराठीत लिहिलं तर तेलुगू माणूस म्हणेल हे माझ्यासाठी नाही, नुसत्या तेलुगूत लिहिलं तर मराठी माणूस तेच म्हणेल. म्हणून दोन्हींत लिहिला, आणि व्यापाऱ्यांसाठी खाली हिंदीत. 'येथे कचरा जाळणे आरोग्यास घातक व कायद्याने गुन्हा आहे.' चांगला मोठा, चकचकीत फ्लेक्स. तीन दिवस गल्ली येता-जाता तो वाचत होती. चौथ्या दिवशी पहाटे सर पांघरुणातच ताठ झाले. नाकपुड्या थरथरल्या. हा वास नवा होता. दाट, गोडसर, घसा कापणारा.

"पीव्हीसी," ते पुटपुटले. मग एकदम ओरडले, "कुमुद, माझा बोर्ड!"

बोर्डच होता. वाऱ्यानं फाटून पडला, पडलेलं ते कचरा, कचरा ते काडी. बयनाबाईंच्या मनात काहीच नव्हतं. त्यांना वाचता येत नव्हतं. वर त्या म्हणाल्या, "लई चांगला जळला. लवकर इझलाच नाई."

त्याच सकाळी ओवीला श्वास घेता येईना.

इथं हसण्यासारखं काही नाही, म्हणून थोडक्यात सांगायचं. पंप दिला, पुन्हा दिला. तिचे ओठ पांढरे पडले, मानेच्या खाचा आत-बाहेर व्हायला लागल्या. सरांनी तिला उचललं, रिक्षा, हायवे, निर्मल. रस्ताभर ती बापाचा शर्ट मुठीत धरून बसली होती आणि बोलायला श्वास नव्हता म्हणून नुसती बघत होती. दुपारपर्यंत मुखवटा लावून वाफ देत ठेवलं. डॉक्टर सरांकडे वळून म्हणाले, "मी सांगितलं होतं." सरांना वाटलं, याच्या गळ्याला धरावं. मग वाटलं, याच्या का? पण ज्याच्या गळ्याला धरावं असा एकच गळा सापडत नव्हता. गळा बयनाबाईंचा होता, खड्ड्यापाशी वळणाऱ्या बंडीचा होता, नारळाच्या झाडाचा होता.

ओवी घरी आली तेव्हा बयनाबाई रडत आल्या, मुलीवरून मीठ-मिरच्या ओवाळल्या आणि सरांनी हात धरायच्या आत त्या मिरच्या जाऊन शेकोटीत टाकल्या.

दोन दिवसांवर भोगी आली होती. भोगीच्या पहाटे जुनं-पानं जाळायची रीत तेलुगू घरांची. मराठी घरं त्या दिवशी भाजी-भाकरी करत. पण पळसदऱ्यात शेजार असा, की एकाची रीत दुसऱ्याची व्हायला वेळ लागत नाही, त्यातून ती जाळायची असेल तर मुळीच नाही. गल्लीनं प्लॉटवर ढीग रचायला घेतला. फाटक्या गाद्या, मोडक्या प्लास्टिकच्या खुर्च्या, एक टायर, आणि कोणाच्या तरी दुकानाचा जुना फलक. सर घरोघर फिरले. हात जोडले. ज्या माणसाने प्राचार्यांपुढे कधी मान वाकवली नाही तो माणूस दारोदार हात जोडत होता. गल्ली गहिवरली. महिपतरावांनी सगळ्यांच्या वतीने शब्द दिला, "सर, तुमच्या पोरीसाठी यंदा थोडीच करू."

आणि त्यांनी टायर बाजूला काढून ठेवला.

भोगीच्या पहाटे ढीग पेटला. कुमुदिनीबाईंनी ओवीला आतल्या खोलीत नेलं, दाराच्या फटीत ओला टॉवेल खुपसला आणि नवऱ्याकडे पाहिलं. सर लुंगी, बनियन आणि कानटोपीत बाहेर पडले. एका हातात पाण्याची बादली, दुसऱ्या हातात बागेतलं दाताळं.

"बंद करा!"

"सर, आज सण हाय," उद्धवराव म्हणाले.

"सण? माझी पोरगी आत दार लावून बसलीय, तिचा सण नाही का? तुम्ही सगळे हात शेकताय ते कशावर? विषावर! ही तुमची पोरं ते विष ओढताहेत! आज माझी खोकते, उद्या तुमची खोकतील!"

बयनाबाईंच्या हातात पऱ्हाट्यांची आणखी एक जुडी होती. सरांनी दाताळं काखेत मारून ती हिसकावली. बाईंच्या कनवटीला खोचलेली काडीपेटी जमिनीवर पडली, ती सरांनी उचलून मुठीत आवळली. मग बादली आगीवर ओतली. मोठ्या आगीवर लहान बादली ओतली की काय होतं हे केमिस्ट्रीच्या प्राध्यापकाला ठाऊक असायला हवं. धुराचा एक लोट उठला आणि सरांच्या तोंडावर बसला. सर भुतासारखे काळे झाले. त्यांनी दाताळ्याने जळती गादी ओढायला घेतली, गादी दाताळ्यात अडकली, त्यांनी झटकली, ती सुटेना, आणि ते दाताळं तसंच उंच उचलून, टोकाला जळती गादी, दुसऱ्या हातात काडीपेटी, गल्लीला उद्देशून ओरडले, "जाळा! सगळं जाळा! मलाही जाळा!"

त्याच क्षणी वळणावर नगरपालिकेची जीप उभी राहिली.

भोगीनिमित्त कचरा जाळण्याविरुद्ध खास फेरी निघाली होती. बातमीसाठी फोटोवालाही सोबत होता. जीपचे दिवे पडले आणि सारी गल्ली विरघळली. उद्धवराव गेले, बयनाबाई गेल्या, महिपतराव तर ह्या वयात कुंपणावरून गेले. उरले सर, गादी आणि काडीपेटी. फोटोवाल्याने फोटो काढला.

इन्स्पेक्टर खाली उतरला. "सार, पेरू चेप्पंडी."

"साहेब नाव इचारतेत," गोपाल म्हणाला.

"नाव काय विचारता? मी मुधोळकर! तक्रार मीच केली होती!"

इन्स्पेक्टरने मोबाईलमध्ये पाहिलं. गोपालने कानाशी लागून भाषांतर केलं. दोघांचं बराच वेळ तेलुगूत बोलणं झालं. मग गोपाल ओशाळून म्हणाला, "साहेब म्हणतेत, तक्रार मुधोळकरच्या घराजवळ कचरा जळते अशी हाय. तुमी मुधोळकर हायेत. घर तुमचंच. काडीपेटी तुमच्या हातात. आपल्याच विरुद्ध तक्रार करणारा इमानदार माणूस त्यांनी पयल्यांदा पायला."

"अरे, मी विझवत होतो!"

"काडीपेटीनं?" इन्स्पेक्टरने विचारलं. एवढं मराठी त्याला येत होतं.

पळसदरा नगरपालिकेच्या इतिहासातला पहिला दंड केमिस्ट्रीच्या प्राध्यापकाला झाला. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. 'शिकवतो विज्ञान, जाळतो कचरा!' फोटोत सरांचे फक्त दात आणि डोळे पांढरे होते, पण बातमीत नाव पूर्ण होतं. प्राचार्यांनी बोलावून विचारलं, घरी सगळं ठीक ना? वर्गात एका मुलाने डायॉक्सिनवर शंका विचारली आणि सगळे बाक हसले. उटनूरहून सरांच्या मेव्हण्याचा फोन आला, त्याने काहीच विचारलं नाही, नुसता खोकला काढला. सर रोज संध्याकाळी खुलासे लिहीत. प्राचार्यांना, संपादकांना, आयुक्तांना. लिहीत आणि फाडत, कारण रागाने कागदाला पेनचं टोक आरपार जाई.

"अहो," एका सकाळी कुमुदिनीबाई म्हणाल्या, "आज काय जळतंय?"

"आज..." सरांनी हुंगलं. पुन्हा हुंगलं. उशीवरून डोकं उचलून तिसऱ्यांदा हुंगलं. शेजारच्या घरातून लसणाच्या फोडणीचा वास येत होता. बाकी काही नाही.

"संक्रांतीपासून काहीच जळलेलं नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही रागात होता, तुम्हाला कळलं नाही. ओवी अजून झोपलीय. पंप लागला नाही तिला."

सर खिडकीशी गेले. बयनाबाई दोन बादल्या घेऊन, एक ओली एक सुकी, कोपऱ्याकडे पळत होत्या. मागे उद्धवराव तुटकी खुर्ची डोक्यावर घेऊन. "चाला, चाला!" बयनाबाई ओरडत होत्या. "बंडी जाईल! सरांवानी माणसाले सोडलं नाई, आपल्याले काय सोडतेत!" महिपतराव तर बंडीच्या वेळेआधीच कोपऱ्यावर हजर होते. आणि फोटो राज्यभर फिरल्यामुळे नगरपालिकेला लाज वाटून खड्डाही बुजत होता. मजूर काम करताना दिसत होते, म्हणजे लाज मोठी असावी.

आयुक्तांनी सरांना भेटायला बोलावलं. सर गेले. सोबत सारी गल्लीही आली, कारण गल्लीच्या मनाला टोचणी लागली होती. आयुक्त समजूतदार बाई होत्या. त्या काही विचारायच्या आत बयनाबाई पुढे झाल्या. "मॅडम, सरांनी नाई जाळलं. आमी जाळलं. सर इझवून राह्यले होते. देवाशपथ."

इन्स्पेक्टरची मान खाली गेली. आयुक्त म्हणाल्या, "मग चूक आमची. दंड रद्द करू. पेपरात खुलासाही देऊ, तुमच्या नावासकट." सरांच्या छातीवरचा धोंडा उतरला. ते उभे राहिले. हात जोडणार, तोच मागे कुजबूज झाली.

"म्हंजे माफ होते तं," उद्धवराव म्हणत होते.

"होते ना," महिपतराव म्हणाले. "मी म्हटलंच होतं. दफ्तरात सगळं माफ होते, फक्त मिळून यायचं."

"मंग उगाच भेलो आपण. घरी लई साचलं हाय. ते फवाऱ्याचे डबे, पोते, ताडपत्री..."

"मागच्या अंगाला जाळा," कोणीतरी म्हणालं. "रस्त्यावरून दिसत नाई."

सरांनी मागे वळून पाहिलं. सगळ्यांचे चेहरे निष्पाप होते, आनंदी होते. सरांवरचं किटाळ टळलं म्हणून खरोखर आनंदी. बयनाबाईंच्या डोळ्यांत पाणी होतं. आणि सरांना आठवला तो घसा कापणारा वास, पांढरे ओठ, मुठीत आवळलेला शर्ट.

"मॅडम," ते म्हणाले. "दंड रद्द करू नका."

"का?"

"मी जाळला."

"सर!" बयनाबाई ओरडल्या. "खोटं काऊन बोलून राह्यले?"

"खोटं नाही! मी जाळला! गादी माझी, काडी माझी! फोटो आहे ना?" सरांचा आवाज इतका चढला की बाहेरच्या टेबलांवरचे लोक उठून दारात आले. "पेपरात आलंय ते खोटं असतं का? मी प्राध्यापक आहे, सगळं कळत असून मी जाळला, मला माफी नको! आणि पुढे कोणालाही देऊ नका! लिहून घ्या!"

आयुक्तांनी सरांकडे पाहिलं, मग त्यांच्या मागे उभ्या गल्लीकडे. त्यांना काय कळायचं ते कळलं असावं. "दंड कायम," त्या म्हणाल्या.

घराशी आल्यावर उद्धवराव बयनाबाईंना म्हणाले, "डबे उद्या बंडीत देऊन टाकजो."

पुढे एका रविवारी ओवी अंगणात दोरीवरच्या उड्या मारत होती आणि सर पायरीवर बसून तिचा श्वास मोजल्यासारखे ऐकत होते. ती मध्येच थांबली. "बाबा, शाळेत सगळे म्हणतात, तुझ्या बाबांनी कचरा जाळला."

"तू काय म्हणालीस?"

"मी म्हटलं, हो. आई म्हणाली, तसंच म्हणायचं." आणि ती पुन्हा उड्या मारायला लागली.

सर काहीतरी बोलणार होते, पण त्यांच्या नाकपुड्या थरथरल्या. मागच्या गल्लीवर राखाडी धुराची एक रेघ उठत होती. दुधाच्या पिशव्या, आणि खाली काहीतरी रबरी. सर उठले. कपाळाची शीर उडायला लागली. त्यांनी चपला घातल्या, घरात जाऊन पेपरचं कात्रण खिशात टाकलं आणि मागच्या गल्लीत शिरले. शेकोटीभोवती बसलेल्या अनोळखी माणसांच्या नाकासमोर त्यांनी ते कात्रण धरलं.

"हा फोटो बघा. नीट बघा. ओळखलं का?" ते ओरडले. "हा कचरा जाळून दंड झालेला मास्तर, तो मीच!"

माणसांनी फोटोकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं, आणि एक जण शेकोटी विझवायला घाईघाईने पाणी आणायला धावला.